खुर्चीवरून आखलेले डोळे

मुलांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक काम करा. तुमचा लिहायचा हात समोर धरा आणि बाही कोपराच्या वर घ्या. दुसऱ्या हाताचा पंजा कोपराच्या थोडा खाली, हातावर हलकेच ठेवा. आता लिहायच्या हाताची बोटं एकेक करून मिटा आणि उघडा. लागलं काही? बोटं हलतात तिकडे टोकाला, आणि कातडीखाली काहीतरी सरकतं ते इथे, कोपराजवळ. बोटांना ओढणारे स्नायू इथे असतात.

आता कल्पना करा, की मनगटाच्या पुढे काहीच नाही. कोपराखालचे स्नायू मात्र आहेत तसेच आहेत. ‘पेन्सिल उचल’ असा मेंदूचा निरोप तिथपर्यंत नेमाने येतो, आणि तो पुढे घेणारं कुणी नाही म्हणून तिथेच थांबतो.

निशिगंधाचं जन्मापासून असं होतं. ही गोष्ट पुढची, तुम्ही मोठे व्हाल त्या सुमाराची. निशिगंधा पेणला राहत होती आणि तेव्हा बारा वर्षांची होती. सगळे तिला निशी म्हणत. नवव्या वर्षी तिला एक हात मिळाला. करड्या रंगाचा, हलका, पाच बोटांचा.

तो कसा चालायचा ते सांगतो. मेंदूचा निरोप स्नायूत पोचला की तिथे अगदी बारीक वीज खेळते, टॉर्चच्या सेलच्या हजाराव्या भागाएवढी. हाताच्या आतल्या पट्ट्या ती वीज टिपायच्या. मनगटावर डाळीच्या दाण्याएवढा कॅमेरा होता, तो बोटांनी काय धरलंय ते बघायचा. पण वीज टिपली म्हणजे तिचा अर्थ कळला असं नाही. प्रत्येकाची वीज वेगळी, जसं प्रत्येकाचं अक्षर वेगळं. म्हणून हातात एक चिमुकला संगणक होता, आणि संगणक म्हटला की त्याला चालवणारी एक मूळ प्रणाली हवीच, जशी तुमच्या घरातल्या फोनमध्ये असते. या प्रणालीचं नाव होतं ‘अंगुली’. निशीच्या हातात तिची तिसरी आवृत्ती होती. सगळे नुसतं ‘तीन’ म्हणत.

तीनचा स्वभाव असा, की ती फक्त आपल्या माणसाकडून शिकायची. निशीने पहिल्यांदा पेला धरला तेव्हा तो सुटून पडला. पन्नासाव्या वेळी डुगडुगला. तीनशेव्या वेळी तिने पाणी प्यायलं. प्रत्येक वेळी हात स्वतःशी आकड्यांत नोंद ठेवायचा, की अशी वीज आली म्हणजे निशीला हे हवं असतं. चित्र नाही, शब्द नाही, नुसते लाखो आकडे. त्याला सराव म्हणा हवं तर.

आणि निशीने सराव केला होता तो साध्यासुध्या कामाचा नव्हे, आखणीचा.

निशीच्या आत्याचा गणपतीचा कारखाना होता. शाडूची मूर्ती साच्यातून निघते, वाळते, रंगते, पीतांबर नेसते, दागिने लेते. तोवर ती मातीच असते. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी होते. वरच्या पापणीची एक रेघ, खालची एक, मग बुबुळ, मग बाहुली. या कारखान्यात ते काम यशोदाआत्या स्वतः करायची, आणि नेहमी जमिनीवर बसून. मूर्ती चौरंगावर, आत्या खाली पाटावर.

“का गं आत्या?” निशीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“घरी आपण पूजेला कुठे बसतो?”

“खाली. पाटावर.”

“आणि देव?”

“चौरंगावर.”

“मग त्याने बघायचं कुठे? छताकडे?”

डोळे झाले की कारखान्यात जे सगळ्यात लहान माणूस असेल त्याला मूर्तीसमोर जमिनीवर बसवायचं आणि विचारायचं, “बघतोय?” त्या पोराने “बघतोय” म्हटलं तरच मूर्ती फळीवर जायची. नाहीतर डोळे पांढऱ्या रंगाने बुजवायचे आणि पुन्हा आखायचे. सुरुवातीला निशीच ते पोर होती. पण दोन वर्षं तिने मोडक्या मूर्तींवर, मडक्यांवर, नारळाच्या करवंट्यांवर डोळे काढले, आणि गेल्या श्रावणात आत्याने तिच्या हाती खरा ब्रश दिला. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत निशी पाटावर बसली होती आणि तिचा करडा हात मूर्तीच्या डोळ्यापाशी होता.

सगळा घोळ त्या फोटोने केला.

तो फोटो अलिबागच्या एका बाईंनी पाहिला. त्यांच्या मुलीलाही तसाच हात होता. आषाढात एका सकाळी त्या मुलीला घेऊन कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या.

“हिचं नाव फाल्गुनी. दहा वर्षांची आहे. तुमच्या निशीसारखं हिलाही काही शिकवाल का, आत्या? इथे माझ्या बहिणीकडे राहील.”

“माझ्यासारखं,” निशी मनात म्हणाली. तिला छान वाटलं. पण ते तेवढ्यापुरतंच.

फाल्गुनीच्या हातात ‘सात’ होती.

पहिल्या दिवशी आत्याने तिला मुकुटाच्या कडेला मोत्यांची ओळ काढायला दिली. मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचे ठिपके, पण सगळे सारखे आणि एका रेषेत यायला हवेत. निशीला ते आजतागायत नीट जमत नव्हतं. दमट हवेत तिच्या हाताची बोटं मध्येच क्षणभर अडकायची आणि ठिपक्याला शेपूट यायचं. फाल्गुनीने पहिली ओळ वाकडी काढली, दुसरी बरी काढली. चौथ्या दिवशी तिच्या ओळी पाहून आत्याने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर लावला.

“अगं, ही तर माळच ओवलीस!”

निशी पीतांबराची किनार रंगवत होती. तिने मान वर केली नाही. फक्त किनार जाड झाली.

“बघ गो निशी, मोती कसे आलेत.”

“बघितले.”

“इथून काय बघितलेस? जवळ ये.”

“दिसतायत इथून,” निशी म्हणाली. तिच्या पोटात काहीतरी चरचरलं.

पुढच्या आठवड्यात तिचा हात दाखवायचा होता. तालुक्याच्या हात-केंद्रात तबस्सुमताई ते काम बघायच्या. त्यांनी निशीचा हात टेबलावर उघडला, बारीक ब्रशने आतली धूळ काढली. निशीने विचारलं, “ताई, फाल्गुनीला चार दिवसांत मोती कसे आले? मला तीन वर्षांत येत नाहीत.”

“कारण तिचे चार दिवस फक्त तिचे नाहीत,” तबस्सुमताई म्हणाल्या. “तीन तुझ्यापाशी शिकते आणि तुझ्यापाशीच राहते. सात तशी नाही. सातचा हात रोज चार्जिंगला लावला की त्या दिवशी जे शिकला त्याचे आकडे मोठ्या संगणकाकडे पाठवतो. तिथे सगळ्या हातांचे आकडे एकत्र होतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना परत मिळतात. कुठेतरी कुणी केकवर क्रीमचे ठिपके काढतं, कुणी कापडावर टिकल्या लावतं. त्या सगळ्यांचा सराव फाल्गुनीच्या बोटांत आहे.”

“म्हणजे तिने काहीच केलं नाही.”

“असं कसं? हात सगळ्यांचा सराव देतो, पण निरोप तिलाच द्यावा लागतो. जुळवून घ्यावं लागतं. तिच्या वाट्याची मेहनत ती करते.” ताईंनी एक कागद पुढे केला. “हे तुलाही विचारायचंच होतं. तीनला वर्षभरच दुरुस्ती मिळेल, त्यापुढे भाग येणार नाहीत. हात बंद पडणार नाही, पण अडकणं वाढेल. तुला हवं तर सात घालता येईल.”

कागदावर दोन चौकोन होते. ‘तीनवर राहणे.’ ‘सातवर जाणे.’

“सातवर गेले तर माझी आखणी?”

“जाणार नाही. तुझी सगळी नोंद सात उचलून घेईल.” ताईंनी हाताचं झाकण बसवलं. “आणि सगळ्या हातांना वाटून टाकेल. डोळे आखणारा सातचा हात अजून एकही नाही. तिथली पाटी कोरी आहे. तुझी नोंद गेली की तीच सगळ्यांकडे जाईल.”

“फाल्गुनीकडेपण?”

“दुसऱ्याच दिवशी.”

निशीने कागदाची घडी केली आणि दप्तरात घातली. घरी बाबांनी त्यावर सही केली आणि म्हणाले, “हात तुझा आहे, चौकोन तूच भर.” निशीने पेनने ‘तीनवर राहणे’वर खूण केली, इतकी दाबून की मागच्या बाजूने हात फिरवला तर लागत होती. तीन वर्षं! मडक्यांवर, करवंट्यांवर काढलेले ते सगळे डोळे, आणि ते फाल्गुनीला एका दिवसात, आयते! तिला तर मोतीही आयते मिळाले होते. अडकल्या बोटांनी जगू, पण हे नाही द्यायचं.

कागद केंद्रात नेऊन द्यायचा राहिला, कारण मध्येच आत्याच्या डोळ्यांचं आलं.

आत्याला मोतीबिंदू झाला होता. शस्त्रक्रिया ठरली, आणि तिला आठ दिवस पनवेलला लेकीकडे राहायला जायचं होतं. निघताना तिने दोघींना समोर बसवलं.

“यंदा मला आखणी जमायची नाही. मूर्ती साठ आहेत आणि निशीचा हात मध्येच अडकतो. तेव्हा निशी, तू फाल्गुनीला शिकव. मी येईपर्यंत तिच्याकडून दहाबारा मूर्ती करून घे. मी येऊन ठरवीन पाटावर कुणी बसायचं ते.”

खिडकीखालचा तो पाट. फोटोतला पाट.

“कुणी म्हणजे?” निशीने विचारलं. “मीच बसते ना?”

“बघू,” आत्या म्हणाली आणि पिशवी उचलली.

या ‘बघू’ने निशीचं डोकं फिरलं. नाही म्हणाली असती तर ती रडली असती, हो म्हणाली असती तर हसली असती. ‘बघू’चं काय करायचं ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी फाल्गुनी लवकर आली. केस ओले, वेणी घट्ट, हातात नवा ब्रश. ती पाटावर बसायला गेली तशी निशी म्हणाली, “तिथे नको.”

“का?”

निशीने कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली. चौरंग खुर्चीसमोर ठेवला, त्यावर मूर्ती.

“तुझा हात सात ना? सातला खुर्चीवर बसूनच शिकवायचं असतं. मनगट मोकळं राहतं. खाली बसायचं ते तीनवाल्यांनी.”

किती सहज सुचलं ते! निशीला स्वतःलाच नवल वाटलं. खोटं बोलताना तिला नेहमी घाम यायचा, आज आला नाही. बसायला खुर्ची तर देतेय, ती म्हणाली मनाशी, काही चिमटा नाही काढत.

“मला पाय दुमडून बसलं की मुंग्याच येतात,” फाल्गुनी खुश होऊन म्हणाली. “थँक्यू, निशीताई.”

“डोळ्यात डोळा घालून बघ. तो तुझ्याकडे बघतोय असं वाटलं पाहिजे. मग बाहुली टेकव.”

हे वाक्य मात्र खरं होतं, आत्याचंच होतं. पण खुर्चीवरून डोळ्यात डोळा घातला तर काय होतं, ते तुम्हीच बघा. बसणाऱ्याचा चेहरा मूर्तीच्या चेहऱ्याच्या वर. मूर्तीने त्याच्याकडे बघायचं तर नजर वर जाणार. पूजेला कुणी पाटावर बसलं, की ती नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीला लागणार.

फाल्गुनी शिकली. सहा दिवसांत अकरा मूर्ती. रेघ सुंदर होती, नाकारण्यात अर्थच नव्हता. बाहेरच्या कोपऱ्याशी पापणी किंचित उचलून सोडायची, ही निशीची स्वतःची लकब होती. आत्याकडूनही आलेली नव्हती. शिकवता शिकवता तीही फाल्गुनीने उचलली. प्रत्येक मूर्तीनंतर ती विचारायची, “आता ते ‘बघतोय’ करायचं ना? मी सगळ्यात लहान आहे. मी बसू खाली?”

“आखणाऱ्याने स्वतः बसायचं नसतं. आत्या आली की करू,” निशी म्हणायची.

आत्या येईल, मूर्तीसमोर बसेल, आणि म्हणेल, ‘बघत नाही गं.’ अकराच्या अकरा. मग पाट कुणाचा ते ठरवायची गरजच उरणार नाही. निशी हे चित्र दिवसातून चारदा मनात आणायची. प्रत्येक वेळी ते गोड लागायचं, आणि मागाहून कडू लागायचं.

सातव्या दिवशी तिचा हात इतका अडकला की ब्रश सुटेना. कागद द्यायचाच होता, म्हणून ती बाबांबरोबर केंद्रात गेली. बाबा गाडी लावायला गेले आणि ती आत शिरली.

आत एक काका तबस्सुमताईंना काहीतरी दाखवत होते. ते पलीकडच्या गावचे हरेश्वरकाका. भाताच्या गिरणीत त्यांचा हात गेला होता आणि आता त्यांना सातचा हात होता. शेजारी त्यांची चारेक वर्षांची मुलगी होती. टेबलावर वीतभर उंचीचा गणपती होता.

“काय सांगू ताई, घरच्यापुरती मूर्ती मी दरवर्षी करतो, पण डोळे दुसऱ्याकडून काढून घ्यायचो. परवा सहज ब्रश धरला आणि हाताला वाटच सापडली! कुणीतरी मागून बोट धरून काढून घेतंय असं वाटलं. कुणाचा सराव आहे हो हा? देव त्याचं भलं करो.”

निशी दारातच थांबली. गणपतीच्या पापणीचा बाहेरचा कोपरा किंचित उचलून सोडलेला होता.

“पण बाबा,” मुलगी जमिनीवर फतकल मारून बसली होती, तिथून म्हणाली, “हा माझ्याकडं बघतच नाही.”

“बघतो गं. नीट बघ.”

“नाही बघत. तो पंख्याकडं बघतो.”

काका हसले, खाली वाकले, आणि वाकल्यावर त्यांचं हसू ओसरलं. “अरेच्या. खरंच की. हाताने असंच काढलं... मी दुसऱ्यांदा केलं तरी हात बाहुली वरच ओढतोय.”

निशी त्या मुलीशेजारी जमिनीवर बसली. कुणी तिला बसायला सांगितलं नव्हतं. मूर्तीची नजर दोघींच्या डोक्यांवरून गेली होती. कोपरा निशीचा, रेघ फाल्गुनीची, आणि नजर त्या खुर्चीची. ज्या माणसाला तिने कधी पाहिलं नव्हतं त्याच्या हातात तिचं खोटं बसलं होतं, आणि तो म्हणत होता, देव त्याचं भलं करो.

काका गेल्यावर ताई म्हणाल्या, “हा तिसरा निरोप आलाय आज. एक पेणचाच, एक गोव्याकडून. कुणाला दुखापत होईल अशा गोष्टी कंपनीचे लोक तपासतात. देवाची नजर कोण तपासणार? संगणकाला खालीवर काय कळतं? पाटी कोरी होती, तिच्यावर पहिलं जे लिहिलं गेलं तेच खरं झालं. ते फाल्गुनीचं आहे. डोळ्यांचे आकडे फक्त तिच्या हाताने पाठवलेत.”

“मग आता?”

“मी कळवलं तर काढून टाकतील. फाल्गुनीचा हात ‘सदोष’ म्हणून नोंदवला जाईल. वर्षभर तिचं काहीही पुढे घेतलं जाणार नाही, आणि हे सहा दिवस तिच्या हातातूनही पुसले जातील.” ताईंनी निशीकडे पाहिलं. “कागद आणलास?”

निशीने दप्तरात हात घातला. दाबून केलेली खूण बोटाला लागली.

मुलांनो, इथे जरा थांबा, कारण निशीही थांबली होती. तिला काहीच करायचं नव्हतं. कागद द्यायचा आणि घरी जायचं. तीन तिची, आखणी तिची, पाट तिचा. दोष लागणार फाल्गुनीला, तोही संगणकाच्या तोंडून. खुर्चीचं कुणाला कळणारही नव्हतं.

“कागद घरी राहिला,” निशी म्हणाली. “उद्या देते. ताई, तुम्ही... उद्यापर्यंत कळवू नका.”

घरी जाताना बाबांनी दोनदा विचारलं, “काय झालं?” ती दोनदा म्हणाली, “काही नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या परत आली. डोळ्यांवर काळा चष्मा, हात धरायला लेक. तिला फळीपाशी नेऊन बसवलं. फाल्गुनी अजून यायची होती.

“आत्या, मी तिला खुर्चीवर बसवलं.”

आत्याला पहिल्यांदा कळलंच नाही. “कुणाला?”

“फाल्गुनीला. आखणीला. सातला खुर्चीच लागते असं खोटं सांगितलं. अकरा मूर्ती झाल्या. एकही बघत नाही. आणि ते तिच्या हातातून दुसऱ्यांच्या हातात गेलंय.”

काळ्या चष्म्यामुळे आत्याचे डोळे दिसत नव्हते. मग तिने हात पुढे केला, निशीचा करडा पंजा चाचपून धरला.

“या हाताने तू पहिल्यांदा सरळ रेघ काढलीस ना, त्या दिवशी माझी स्वतःची रेघ वाकडी गेली होती. तू घरी गेलीस आणि मी ती मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. दोन दिवस बघवेना मला.”

“तू?”

“मग काय! मला काय पोट नाही दुखायला?” आत्याने पंजा सोडला. “पण खुर्ची नव्हती दिली मी तुला. जा, मला काय सांगतेस? जिला बसवलंस तिला सांग.”

फाल्गुनी दारात चप्पल काढत होती. निशीने तिला तिथेच सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही, एवढंसंच तर होतं. फाल्गुनीने एक चप्पल काढली होती, दुसरी पायात तशीच राहिली.

“मी आईला फोनवर सांगितलं होतं,” ती म्हणाली. “की निशीताई मला खुर्ची देते आणि स्वतः खाली बसते.”

मग ती आत गेली आणि मोत्यांच्या कामाला बसली, निशीकडे पाठ करून.

त्या दिवशी दुपारी निशी केंद्रात पोचली तेव्हा कागदावरची जुनी खूण तिने पेनने खोडली होती आणि ‘सातवर जाणे’वर नवी केली होती. खोडताना कागद थोडा फाटला होता. तबस्सुमताईंनी तो उजेडात धरून पाहिला.

“नक्की? मागे फिरता येणार नाही. एकदा सगळ्यांना वाटून टाकलं की टाकलं.”

“माझे तीन वर्षांचे आकडे जास्त भरतील ना? तिच्या सहा दिवसांपेक्षा?”

“कितीतरी जास्त. तुझ्या हाताने हजारो डोळे काढलेत. त्यात तिचे अकरा बुडून जातील.”

“मग तिला सदोष लिहायला नको?”

“नको.”

“आणि लिहायचंच झालं तर माझं नाव लिहा. बसवलं मी होतं.”

ताईंनी निशीचा हात काढून यंत्रावर ठेवला. पाऊण तास निशी रिकाम्या मनगटाने बाकावर बसून होती. तिला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ‘गेले माझे डोळे, गेले,’ असंच सारखं मनात येत होतं, आणि हरेश्वरकाकांची मुलगी खाली बसून वर बघते आहे असं मधूनमधून दिसत होतं.

दोन दिवसांनी कारखान्यात अकरा मूर्तींचे डोळे पांढऱ्या रंगाने बुजवून झाले होते. निशीने एका कोपऱ्यात मुकुट घेतला आणि ठिपका टेकवला. बोट अडकलं नाही. दुसरा ठिपका, तिसरा. दहाव्या ठिपक्याला तिला जाणवलं, की ब्रश उचलताना हात एक बारीकसा झटका देतोय, पाणी झटकल्यासारखा. ही सवय तिची नव्हती. तिने मान वळवली. पलीकडे फाल्गुनी मोती काढत होती, आणि प्रत्येक मोत्यानंतर तिचा ब्रश तसाच झटका देत होता.

निशी बराच वेळ ते बघत राहिली. तिच्या मुकुटावर आयुष्यातली पहिली सरळ ओळ आली होती.

“फाल्गुनी,” आत्याने हाक मारली, “चल, पाटावर बस. पहिली मूर्ती तू घे.”

फाल्गुनीने आधी निशीकडे पाहिलं. खिडकीखालच्या पाटाकडे पाहिलं. मग ती जाऊन बसली, पाय दुमडून, मुंग्या येणार हे माहीत असून. मूर्ती चौरंगावर होती. वरची रेघ, खालची रेघ, बुबुळ. शेवटी तिने डोळ्यात डोळा घातला आणि बाहुली टेकवली. बाहेरच्या कोपऱ्याशी तिचा ब्रश किंचित वर गेला आणि सुटला. ते पाहताना निशीच्या पोटात पुन्हा चरचरलं. अगदी पूर्वीसारखं, तसूभरही कमी नाही.

“झाले,” फाल्गुनी म्हणाली. “आता बघतोय का ते कोण सांगणार? आखणाऱ्याने बसायचं नसतं ना?” शेवटचं वाक्य तिने मुद्दामच म्हटलं.

फाल्गुनी सोडली तर कारखान्यात सगळ्यात लहान माणूस निशीच होती. गेल्या श्रावणापासून तिला त्या जागी बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ती बसली नसती.

निशीने मुकुट खाली ठेवला. फाल्गुनीने पाट सोडून जागा केली, तेव्हा निशीने तो पाटही बाजूला सारला. मग ती चौरंगासमोर नुसत्या जमिनीवर मांडी घालून बसली, फ्रॉक नीट केला, आणि मान वर करून त्या नव्या डोळ्यांकडे बघितलं.